न धुतलेली किटली

सोनई, १० एप्रिल २०२५

सबिहा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. कादरभाई शनिवारी खर्ड्याला तुझ्याकडं येणार आहेत, त्यांच्याबरोबर देते आहे. घेताना म्हणाले, "बाई, तिनं न वाचताच चुलीत घातलं तर मला बोलायचं न्हाई." मी म्हटलं, घालू दे, दुसरं लिहीन. आयुष्यभर या गावातल्या पोरांचे निबंध तपासले, मला लिहायचा कंटाळा नाही.

आधी मोनिकाचं सांगते, कारण तुझा जीव तिच्यातच अडकला असणार. नगरच्या दवाखान्यात तिचा ताप उतरला आहे. सलाइन अजून चालू आहे, पण काल तिनं भात मागितला. बाकीच्या, वसतिगृहातल्या मुली घरी गेल्या किंवा बऱ्या झाल्या. तीसेक मुली आजारी पडल्या, एकही दगावली नाही. हे मी दिवसातून चार वेळा स्वतःला सांगते.

तू गेल्यानंतर गावात काय चाललं आहे, ते ऐक. श्रीमंत अजून तेच म्हणतो: पाडव्याचं श्रीखंड सबिहाच्या दुधाचं होतं, म्हणून पोरी आजारी पडल्या. तो वसतिगृहाच्या कमिटीचा अध्यक्ष आहे आणि मोनिकाचा आजोबा आहे. नात त्याचं बोट धरून वसतिगृहाच्या पंगतीला गेली आणि दुसऱ्या दिवशी बेशुद्ध झाली. त्याचा राग मला समजतो. पण वसतिगृहाला दूध चार घरांतून जातं आणि नाव एकाच घराचं निघालं. का निघालं, ते तुला मी सांगायला नको. तुझे कॅन रस्त्यावर ओतले त्या दिवशी मी तिथे नव्हते. असते तर त्या पोरांची नावं घेऊन त्यांना तिथंच उभं केलं असतं. सगळे माझेच विद्यार्थी.

म्हणून ग्रामसभेत मी थोडं बोलले. म्हटलं, तोंडानं आरोप करू नका, तपासून घ्या. आजकाल जंतूचा माग काढता येतो. मुलींच्या पोटातला जंतू आणि दुधातला जंतू एकाच घरचे आहेत का, हे त्यांची जनुकं वाचून कळतं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं पटकीची साथ गल्लीगल्लीत घरं धुंडाळून पाण्याच्या एका पंपापर्यंत नेऊन भिडवली आणि त्या पंपाचा दांडाच काढून घेतला, हेही सांगितलं. मागून कादरभाई, तुझेच यजमान, बोलले, "मग आमच्या गायीचं काय काढनार, बाई?" सगळी सभा हसली. बरं वाटलं. त्या सभेत तेवढंच एक हसू होतं.

तू चिडलीस ते त्यानंतर. आरोग्य खात्याची माणसं पांढरे डगले घालून तुझ्या गोठ्यात आली, शेण डबीत भरलं, दूध भरलं, आणि अख्खी वस्ती कुंपणाला लटकून बघत होती. तू मला म्हणालीस, "दमे, मी तुला गप बस म्हनले हुते. चार दिवसांत इसरले असते लोक." दुसऱ्या दिवशी तांबडी गाय आणि तिचं वासरू टेम्पोत घालून तू भावाकडं निघून गेलीस.

लोक विसरत नाहीत, सबिहा. गप्प बसतात आणि मनात ठेवतात. वीस वर्षांनी तुझ्या सुनेला कुणीतरी ऐकवलं असतं. मला केल्याचं वाईट वाटत नाही. तुझ्या तोंडावरची ती शरम मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

तुझी दमू


सोनई, १९ एप्रिल

सबिहा,

पहिलं पत्र चुलीत गेलं नाही, उशाखाली गेलं, असं कादरभाई म्हणाले. उत्तर मात्र नाही. चालेल.

त्यांनी तुला हेही सांगितलंच असेल, की ग्रामसभेत मी "थोडं" बोलले नव्हते. अर्धा तास बोलले. शेवटी माईक हातात घेऊन म्हणाले, "सबिहाच्या गोठ्यातला जंतू निघाला, तर ही दमयंती पुन्हा कुठल्याही व्यासपीठावर पाय ठेवणार नाही." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला आणखी बोलावंसं वाटतं, हा माझा जुना रोग. श्रीमंतनं खालून विचारलं, "लिहून देता का, बाई?" मी म्हटलं, माझा शब्द लिहिल्यासारखाच असतो.

आता पुढचं बसून वाच.

मंगळवारी संध्याकाळी सत्यशीला माझ्या दारात आली. वसतिगृहाची स्वयंपाकीण, तुला भाभी म्हणणारी. हातात स्टीलची किटली.

"बाई, ही सबिहाभाभींची. त्या न्हाईत म्हनून तशीच ऱ्हायली. तुमी पोचवाल का?"

"कसली किटली?"

"चिकाची. तांबडी व्याली तवा पाडव्याच्या आदल्या दिवशी धाडली हुती, घरच्या पोरांना खरवस कर म्हनून. लई गोड झाला हुता."

झाकण उघडलं. आत साखर. कडेला, साखरेच्या वर, चीक वाळून पिवळा पापुद्रा धरलेला.

"धुतली नाहीस?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "चिकाची किटली कुनी धुतं का, बाई? गाय आटती. आन रिकामी तरी कशी देनार? म्हनून साखर घातली."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी आईही चिकाचं भांडं तसंच परत द्यायची, दाणे नाहीतर साखर घालून. साठ वर्षं मी हे बघते आहे. अंधश्रद्धेवर मी गावोगाव जाऊन बोलले, आणि या एका गोष्टीवर कधी बोलले नाही, कारण ती मला गोड वाटायची.

मी सहज विचारलं, "ही साखर पाडव्याच्या आधीपासूनची का?"

ती पदर बोटाला गुंडाळत राहिली.

"ही नंतरची, बाई. आधीची श्रीखंडात घातली. सकाळी चक्का फेटला तर पोरी म्हनल्या, मावशी, अगोड लागतंय. डब्यात साखर संपलेली. सणाचं दुकान बंद. समोर, भाभींना परत द्यायला आनलेली, ही भरलेली किटली. म्हनलं, घेऊ आत्ता, सांजच्याला दुसरी घालू."

सबिहा, श्रीखंडाचं दूध उकळलेलं होतं. खरवस वाफवलेला होता. तो फक्त सत्यशीलाच्या घरी खाल्ला आणि त्या घरात कुणाला काही झालं नाही. पण चीक कच्चा होता. न धुतलेल्या ओल्या किटलीत साखर रात्रभर होती, आणि तीच साखर श्रीखंडात कालवून ते श्रीखंड दुपारपर्यंत उन्हाळ्यात बाहेर राहिलं. आता तूच जोड.

सत्यशीला रडली. मी तिला नोकरीचं आश्वासन दिलं नाही, कारण ते माझ्या हातात नाही. इतकंच सांगितलं, की तू एकटी पडणार नाहीस.

किटली आज मी आरोग्य खात्याच्या माणसाच्या हवाली केली. मंगळवारपासून ती माझ्याकडं होती. इतके दिवस का होती, ते आत्ता विचारू नकोस. तुला विचारून दिली नाही. तू नाही म्हणाली असतीस तरी दिली असती. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे.

आणि एक गोष्ट तातडीची. तांबडी तुझ्याबरोबर खर्ड्यात आहे. अहवाल येईपर्यंत तिचं कच्चं दूध कुणाच्याही तोंडी जाऊ देऊ नकोस. दूध उकळूनच घ्या, धार काढल्यावर साबणानं हात धू, वासराला हात लावून हुमेराला जेवायला भरवू नकोस. तुझ्या भावाला, मेहताबभाईंना, मी मंगळवारीच फोन केला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "आपा शेजारीच बसलीये. म्हनती, बाईंचा फोन असंल तर मी घरात न्हाई म्हनून सांग." मी म्हटलं, घरात नसलेल्या आपाला सांगा, नातीला कच्चं दूध देऊ नका.

दमू


सोनई, ६ मे

सबिहा,

अहवाल आला. गोल गोल बोलत नाही. जंतू तुझ्या गोठ्यातलाच आहे.

माझा भाचा गंधार पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत आहे तिथेच तपासणी झाली. अहवाल खात्याकडून रीतसर आला, त्यानं फक्त मला समजावून सांगितलं. जंतूचं नाव साल्मोनेला. त्याच्या जनुकांत अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास अक्षरं असतात आणि ती सगळी वाचता येतात. मी म्हटलं, "गंधार, मी मराठीची बाई आहे. मला पटेल असं सांग." तो म्हणाला, "आत्या, तू कॉपी कशी पकडायचीस?"

ते मला कुणी शिकवायला नको. बरोबर उत्तर दोन पोरांचं सारखं असू शकतं. पण दोघांनी एकाच ओळीत एकच चूक केली, तीही जगात कुणी करणार नाही अशी, तर एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलं. जंतूही पिढ्यान् पिढ्या स्वतःची नक्कल करत जातो आणि मधूनच एखादं अक्षर चुकतो. ती चूक पुढच्या सगळ्यांत उतरते. मुलींमधले जंतू एकमेकांशी जवळजवळ अक्षरन् अक्षर जुळले. किटलीतल्या पापुद्र्यातला जंतू मुलींच्या जंतूपासून एका अक्षरानं वेगळा. तुझ्या गोठ्यातल्या शेणातला दोन अक्षरांनी. जिल्ह्यात इतर ठिकाणी सापडलेला याच जातीचा जंतू शेकडो अक्षरांनी वेगळा.

मी वकिली केली. म्हटलं, मुलींकडून गोठ्यात गेला नसेल कशावरून? तो म्हणाला, शेणातल्या जंतूंमध्ये आपापसांतच जास्त फरक आहेत. म्हणजे ते तिथं जास्त दिवस राहिले आहेत. मुलींमधले सगळे त्यातल्याच एका फांदीचे. यावर मला बोलायला काही उरलं नाही. मी, आणि बोलायला उरलं नाही.

आता दुसरी बाजू, आणि तीही तितकीच खरी. तुझ्या कॅनमधल्या दुधात काही नाही. वसतिगृहाच्या टाकीत, सत्यशीलाच्या हातात, बाकीच्या तीन घरांच्या दुधात काही नाही. तू विकलेल्या दुधानं कुणी आजारी पडलं नाही. तू प्रेमानं फुकट दिलेल्या चिकानं पडलं. तुझं मन स्वच्छ होतं, भांडं नव्हतं. जंतूला मन दिसत नाही.

खात्याचे डॉक्टर तांबडीला वेगळं बांधायला सांगताहेत. अशी गाय धडधाकट दिसते आणि महिनोन् महिने जंतू बाहेर टाकत राहते. कादरभाईंनी आज मान्य केलं: "वासराला पहिल्या आठवड्यात हगवन लागली हुती, बाई. आमी म्हनलं, ऊन लागलं असंल." मी त्यांना बोलले नाही. त्यांचं तोंडच इतकं उतरलं होतं.

आता ते मंगळवारचं. तुला सांगायचं नव्हतं, पण पुढच्या आठवड्यात मी सभेत उभी राहणार आहे, आणि तुझ्यापासून लपवून तिथं उभी राहता येणार नाही.

सत्यशीला गेल्यावर मी किटली मोरीत नेली. साखर एका ताटात ओतली. घासणी घेतली. नळ सोडला. पाणी बादलीत पडत होतं आणि किटली माझ्या हातात होती. माझ्या डोक्यात एक सबंध भाषण तयार झालं होतं: एका किटलीनं काय सिद्ध होणार, सत्यशीला गरीब आहे, सबिहा निर्दोष आहे, गावाला फक्त निमित्त हवं आहे, सत्यापेक्षा माणूस मोठा. फार चांगलं भाषण होतं. मी टाळ्या मिळवल्या असत्या. मग मला कळलं, की त्या भाषणात माझ्या शब्दाचाही एक मुद्दा होता, तो मी सगळ्यांत खाली लपवला होता. सबिहाच्या गोठ्यातला जंतू निघाला तर माझं व्यासपीठ जाणार होतं.

नळ बंद केला. साखर परत किटलीत भरली, किटली पिशवीत बांधली. तरीही ती द्यायला मला शनिवार उजाडावा लागला.

तू रागावली असशील तर रागाव. पण एक लक्षात घे. किटली धुतली असती तर शेणातला जंतू सापडलाच असता, आणि मधला दुवा कुणालाच कळला नसता. मग लोकांनी दुधालाच धरलं असतं. तुझं दूध निर्दोष आहे हे त्या घाणेरड्या किटलीनंच सिद्ध केलं. हे मला नळ बंद करताना ठाऊक नव्हतं. शहाणपणाचं श्रेय घेत नाही.

दमू


सोनई, १३ मे

सबिहा,

काल सभा झाली. चावडीसमोर मांडव होता, वर टेबल, माईक. अहवाल माझ्या हातात. मी खालीच, बायकांच्या पुढं उभी राहिले.

श्रीमंत वरून म्हणाला, "बाई, वर या."

"येणार नाही. शब्द दिला होता, जंतू सबिहाच्या गोठ्यातला निघाला तर व्यासपीठावर पाय ठेवणार नाही. तो तिथलाच निघाला."

मांडवात कुजबुज सुरू झाली. मागून एक जण ओरडला, "बघा, आमी म्हनत हुतो!" मी म्हटलं, "तू दूध म्हणत होतास, बाळा. खाली बस, पुढचं ऐक." आणि सगळं वाचलं. कॅन स्वच्छ, टाकी स्वच्छ, किटली नाही. सत्यशीलाचं नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तीच उभी राहिली.

"साखर मी घातली," ती म्हणाली. "सबिहाभाभींनी पोरांसाठी चीक धाडला हुता. किटली मी धुतली न्हाई. त्यातलीच साखर मी पोरींच्या श्रीखंडात घातली. भाभींचा त्यात काय दोस न्हाई."

तेव्हा मी बायकांकडं वळले. विचारलं, "आत्ता, या घडीला, तुमच्यापैकी किती जणींच्या फडताळात दुसऱ्याची चिकाची न धुतलेली किटली आहे? हात वर करा."

कुणीच हलेना. मग कोपऱ्यातल्या रेश्मानं हात वर केला आणि ती स्वतःच हसली. मग तिच्या सासूनं. मग एकेक करत, सबिहा, अर्धा मांडव. श्रीमंतची बायकोही. श्रीमंतनं वरून पाहिलं आणि म्हणाला, "तू बी?" ती म्हणाली, "मग? गाय आटवू व्हय तुमची?"

असं हसू त्या मांडवात मी कधी ऐकलं नव्हतं. श्रीमंत हसला नाही. माईक बाजूला सारून खाली उतरला, माझ्या समोर उभा राहिला. म्हणाला, "बाई, खालून बोललेलं मागं ऐकू येत न्हाई." एवढंच. मग लोकांकडं वळून म्हणाला, "सबिहाचं दूध कॅनमधलं चांगलं हाय, हे कागदावर आलंय. ओतलेल्या दुधाच्या पैशाचं ज्यानं ओतलं त्यानं बघून घ्यावं." त्यानं माफी मागितली नाही. ती त्याच्या स्वभावात नाही. पण हॉस्टेलचं दूध कधी सुरू करायचं असं कुणीतरी विचारल्यावर तो म्हणाला, "तांबडी सोडून बाकीच्यांचं उद्या बी चालंल. सबिहा आली म्हंजी."

सत्यशीलाला कमिटीनं काढलेलं नाही. स्वयंपाकघरात फ्रीज घ्यायचं ठरलं, आणि बाहेरून आलेलं कुठलंही भांडं आत न्यायचं नाही असंही ठरलं.

मी घरी चालत आले. वाटेत दोघांनी विचारलं, "बाई, जयंतीला भाषणाला येणार ना?" मी म्हटलं, येईन, खाली उभी राहून बोलेन. एक जण म्हणाला, "मग आमच्यासाठी खड्डा खणतो, म्हंजी तुमी वर दिसाल." पोरं फार बोलायला लागली आहेत. मीच शिकवलं आहे.

दमू


सोनई, २४ मे

सबिहा,

दीड महिन्यात तुझं पहिलं उत्तर आलं, तेही तोंडी. कादरभाई खर्ड्याहून परत आले ते थेट माझ्या ओसरीवर. चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "निरोप हाय. जसाच्या तसा सांगतो, मला बोलू नका." आणि तुझा आवाज काढून म्हणाले, "दमीला म्हनावं, किटली घासून पाठव. आन रिकामी पाठवू नको."

मी त्यांना तीनदा म्हणायला लावलं.

त्यांनी हेही सांगितलं, की तांबडीची तपासणी तिथल्या डॉक्टरांनी केली, ती वेगळी बांधली आहे, आणि हुमेरा बरी आहे. तू घासून पाठव म्हणालीस तेव्हा तुझ्या वहिनीनं कानावर हात ठेवले, आणि तू तिला म्हणालीस, आटली तर आटली.

प्रयोगशाळेतून किटली मागच्या आठवड्यातच परत आली होती, डाग पडून, वर नंबराची चिठ्ठी चिकटवून. चिठ्ठी काढली. राखेनं घासली, मग साबणानं, मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात बुडवली. गावातल्या चार जणी बघायला आल्या होत्या. रेश्मानं विचारलं, "बाई, गाय आटली तर?" मी म्हटलं, आटली तर मला सांगा, मी चुकले असं खालून ओरडून सांगेन.

उन्हात वाळवली आणि काठोकाठ साखरेनं भरली. या साखरेतली चिमूटभरही कुणी काढणार नाही, झाकणाला दोरा बांधला आहे.

कादरभाई न्यायला आले होते. मी दिली नाही. ते म्हणाले, "मग मी काय सांगू तिला?" हे पत्र त्यांच्याबरोबर देते आहे, तेवढंच सांगायला.

किटली माझ्या फडताळात आहे. घासलेली आहे, भरलेली आहे. न्यायला तू ये.

तुझी दमू